प्रश्न परसातले : बँटम कोंबड्या आणि बदके

मागील अंकात आम्ही घराच्या परसात ठेवता येतील अशा लहान चणीच्या बँटम कोंबड्या आणि बदके यांच्याविषयी एक टिपण छापले होते. त्यावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि नावांऐवजी गावे दिली आहेत. ही उत्तरे पाच-दहा, फार तर पंचवीस पक्षी पाळणाऱ्यांसाठी आहेत. शेड बांधून हजारांनी पक्षी पाळणाऱ्यांचे गणित निराळे असते.

प्रश्न : घरामागे पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा आणि एक लिंबाचे झाड आहे. बोअरचे पाणी मार्चनंतर कमी होते. घरातल्या पाच माणसांपुरती अंडी मिळावीत आणि मुलांना विरंगुळा व्हावा, एवढाच हेतू आहे. बँटम घ्याव्यात, गावरान घ्याव्यात की बदके? (औसा, जि. लातूर)

उत्तर : केवळ अंड्यांसाठी बँटम पाळू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. बँटम कोंबडीचे वजन अर्धा ते पाऊण किलो आणि तिचे अंडे तीस ते चाळीस ग्रॅमचे. शिवाय थोडी अंडी घातली की ती खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, आणि मग कित्येक दिवस खोक्यातून उठत नाही. तिचा खरा उपयोग या खुडूक होण्यातच आहे. अंड्यांसाठी विकसित केलेल्या जाती, उदाहरणार्थ हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया, अंडी भरपूर देतात, पण त्या सहसा रवणीला बसत नाहीत. तेव्हा आपण चार ग्रामप्रिया किंवा चांगल्या गावरान तलंगा (अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्या) आणि त्यांच्या जोडीला दोन बँटम कोंबड्या ठेवल्यास अंडीही मिळतील आणि पिलेही घरच्या घरी निघतील. मात्र खाण्याच्या वेळी मोठ्या कोंबड्या बँटमांना टोचून हुसकावतात, म्हणून खाद्य एकाच भांड्यात न देता दोन-तीन ठिकाणी द्यावे.

बँटम निवडताना पाय पाहून घ्यावेत. बाजारात ज्यांच्या पायांवर पिसांचे झुपके असतात ते पक्षी दिसायला देखणे, पण आपल्याकडच्या काळ्या मातीत त्यांचे हाल होतात. पावसाळ्यात चिखल त्या पिसांना धरतो, वाळून बोटांभोवती त्याचे गोळे होतात आणि ते ओढून काढताना कातडी सोलली जाते. मुरमाड किंवा फरशीच्या जागेत हे पक्षी चालतील, काळ्या रानात उघड्या पायांचीच जात बरी. बदकांचा विचार आपण तूर्त सोडावा. मार्चनंतर माणसांनाच पाणी मोजून वापरावे लागत असेल तर ती हौस महागात पडेल.

प्रश्न : बदकांना तळे लागतेच का? आमच्याकडे विहिरीला बारमाही पाणी आहे, पण हौद किंवा शेततळे नाही. खाकी कॅम्पबेल जातीची आठ बदके घ्यायचा विचार आहे. (केज, जि. बीड)

उत्तर : तळे लागत नाही. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांची जात पोहण्यावाचून उत्तम अंडी देते. चांगल्या संगोपनात एका मादीपासून वर्षाला अडीचशे ते तीनशे अंडी मिळतात आणि एक अंडे पासष्ट-सत्तर ग्रॅम भरते. मात्र पोहायला पाणी नसले तरी डोके बुडवायला पाणी हवेच. कोंबडीचे उथळ भांडे बदकाला दिले तर त्याला नाकपुड्या आणि डोळे धुता येत नाहीत. मग डोळ्यांत चिकटा साचतो, पापण्या चिकटतात आणि लोक त्याला भलताच रोग समजून औषधे घालत बसतात. पाच-सहा इंच खोल, पण तोंडाशी अरुंद असे भांडे ठेवावे, म्हणजे बदक डोके बुडवील आणि आत उतरून पाणी घाण करणार नाही. तेलाचा पत्र्याचा डबा आडवा ठेवून वरच्या बाजूला तीन बोटे रुंदीची लांब फट कापली आणि तिच्या कडा आत दुमडल्या तर हे भांडे फुकटात तयार होते.

या भांड्याची जागा ठरवणे हे बदकपालनातले निम्मे काम आहे. बदक घासागणिक पाण्याकडे जाते, चोचीतले खाद्य पाण्यात टाकते, चोचीतले पाणी जमिनीवर सांडते, आणि आठ बदके दिवसभरात चार फुटांच्या वर्तुळाचा रबडा करून ठेवतात. म्हणून भांडे जाळीच्या उंच फळीवर ठेवून खाली चर काढावा आणि ते पाणी केळी, नारळ किंवा अळूच्या वाफ्याकडे वळवावे. त्या पाण्यात विष्ठेतले नत्र असल्यामुळे झाडांना ते मानवते. खाद्य आणि पाणी यांत फार अंतर ठेवू नये, कारण कोरडा भरडा बदकाच्या घशात अडकतो. भरडा पाण्यात कालवून ओलसर करून दिलेला सर्वांत चांगला.

परंतु ओला भरडा सकाळचा संध्याकाळपर्यंत ठेवू नये आणि बुरशी लागलेला मका किंवा कुबट वासाची शेंगदाणा पेंड बदकांपुढे कदापि टाकू नये. बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीपेक्षा बदकाला कितीतरी अधिक बाधते. इतकी अल्प मात्रा बदकाच्या पिलांना मारक ठरते, की डोळ्यांना खाद्य चांगले दिसत असतानाही यकृत निकामी होऊन पिले मरतात. पावसाळ्यात पोत्याच्या तळाचा मका मुठीत घेऊन हुंगावा. वास आला तर तो वाळवून कोंबड्यांना घालू हा विचारही सोडून द्यावा, कारण विष वाळवल्याने किंवा शिजवल्याने जात नाही. आणखी एक गोष्ट पिलांच्या बाबतीत सांगायची ती अशी, की बदकाच्या पिलांना कोंबडीच्या पिलांपेक्षा नायसिन हे जीवनसत्त्व अधिक लागते. केवळ कोंबडीच्या पिलांच्या खाद्यावर वाढवलेल्या पिलांचे पाय वाकतात. खाद्यात थोडे यीस्ट मिसळल्यास हा दोष टळतो.

बदके अंडी बहुधा पहाटे देतात आणि नऊच्या आत त्यांचे काम आटोपलेले असते. त्यांना सकाळी सहाला मोकळे सोडले तर अंडी उसात, चरात, कडब्याच्या गंजीखाली कुठेही पडतात आणि घरातील लोक बदके अंडी देत नाहीत म्हणून तक्रार करतात. नऊपर्यंत दार उघडू नये.

प्रश्न : खुडूक बसलेल्या बँटमखाली बदकाची अंडी ठेवता येतील का? (सेलू, जि. परभणी)

उत्तर : अवश्य. खाकी कॅम्पबेल मादी स्वतः सहसा उबवायला बसत नाही, त्यामुळे हाच मार्ग सोयीचा आहे. बँटमच्या पोटाखाली बदकाची चार-पाच अंडीच मावतात. लोभाने आठ ठेवली तर कडेची थंड पडतात आणि ती मधल्या अंड्यांची जागा घेत राहून सगळाच डाव बिघडतो. कोंबडीची पिले एकविसाव्या दिवशी बाहेर येतात, बदकाची अठ्ठाविसाव्या दिवशी, त्यामुळे या अधिकच्या आठवड्यात कोंबडी उठून जाऊ नये म्हणून तिला खाद्य-पाणी रवणीच्या जवळच द्यावे. अंडे जड असल्याने तिला ते नीट उलटता येत नाही. आपण सकाळ-संध्याकाळ हाताने फिरवावे. दुसऱ्या आठवड्यापासून रोज एकदा कोमट पाण्याचे शिंतोडे मारावेत. मस्कोवी बदकाची अंडी असतील तर पस्तीस दिवस लागतात आणि इतका काळ बँटमला बसवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

पिले निघाल्यावर त्यांना लगेच खोल पाण्यात सोडू नये. बदकीण आपल्या पिलांच्या पिसांना स्वतःच्या अंगाचे तेल लावते, ते कोंबडीकडून मिळत नाही. पिले भिजतात, काकडतात आणि मरतात. पिले पाण्यात उतरताच काठावरची कोंबडी जिवाच्या आकांताने ओरडते. तिच्या त्या ओरडण्याला घाबरून पिले काढून घेण्याची गरज नसते, पण पाणी त्यांच्या पोटाला लागेल इतकेच असावे.

प्रश्न : पेरणी उरकल्यापासून आमच्या कोंबड्या कवच नसलेली, नुसत्या पडद्याची अंडी घालत आहेत. शिंपल्यांचा चुरा सुरू केला तरी फरक नाही. पेरणीतून उरलेले सोयाबीनचे बियाणे धुऊन, वाळवून भरड्यात मिसळतो, बाकी आहार पूर्वीचाच आहे. (निलंगा, जि. लातूर)

उत्तर : दोष त्या बियाण्यात आहे. ते आजच बंद करावे. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक लावलेले असते आणि त्यांतील थायरम हे औषध कोंबडीच्या पोटात अगदी थोडे गेले तरी मऊ कवचाची, वेडीवाकडी अंडी येऊ लागतात. वाढत्या पिलांचे पाय अधू होतात. बियाण्यावरचा तांबडा-गुलाबी रंग धुतल्याने फिका होतो, औषध मात्र पूर्णपणे निघत नाही. पिशवीवर हे बियाणे खाण्यासाठी किंवा पशुखाद्यासाठी वापरू नये अशी सूचना छापलेली असते ती याचसाठी. खाद्य बदलल्यावर काही आठवड्यांत कवच पूर्ववत होईल, परंतु तोपर्यंतची अंडी कोणी खाऊ नयेत, विकू तर मुळीच नयेत.

औषध लावलेले नसते तरीही कच्चे सोयाबीन देणे चूकच ठरले असते. लातूर-धाराशिवकडे सोयाबीन घरोघरी असल्यामुळे ही चूक फार आढळते. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन रोखणारे घटक असतात. पक्षी पोटभर खातो आणि अंगाने खालावतो. दाणे चांगले भाजून भरडले किंवा सरळ सोयाबीन पेंड वापरली तर हा प्रश्न राहत नाही.

याच संदर्भात जालना तालुक्यातील एका वाचकाने अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी का होतो, असे विचारले आहे. आपण म्हशीची सरकी पेंड कोंबड्यांना घालत असाल. सरकीतील गॉसिपॉल नावाच्या द्रव्यामुळे, विशेषतः अंडी काही दिवस ठेवल्यावर, बलकाला असा रंग येतो. पेंड म्हशीलाच राहू द्यावी.

प्रश्न : कोंबड्या तिन्हीसांजेला खुराड्यात जायला तयार होत नाहीत, बाहेरच घुटमळतात. तुरे पांढरट पडले आहेत, मागच्या महिन्यात दोन मेल्या. दिवसा अंगावर पिसवा किंवा उवा सापडत नाहीत. खुराडे जुन्या मातीच्या भिंतीला टेकून लाकडी फळ्यांचे केले आहे. (कळमनुरी, जि. हिंगोली)

उत्तर : कोंबडी अंधारात घाबरणारा पक्षी आहे. ती हक्काचे घर सोडून बाहेर घुटमळते तेव्हा घरात तिला छळणारे काहीतरी असते. आपल्या वर्णनावरून हा कोंबड्यांच्या मऊ गोचिडांचा उपद्रव दिसतो. गुरांची गोचीड जनावराला दिवसचे दिवस चिकटून राहते. या गोचिडी मात्र रात्री येतात, अर्धा-पाऊण तास रक्त पितात आणि उजाडण्याआधी फटीत परततात. म्हणून दिवसा शोधून काही हाती लागत नाही.

रात्री अकराच्या सुमारास बॅटरी घेऊन खुराड्याशी जावे. कोंबड्या ज्या दांडीवर बसतात ती दांडी भिंतीला जिथे टेकते तिथे, फळ्यांच्या जोडात आणि मातीच्या पोपड्यांमागे सुरी किंवा सायकलची जुनी तार फिरवावी. चपटी, चामड्यासारखी, करड्या-तपकिरी रंगाची, कडेला बारीक सुरकुत्या असलेली गोचीड बाहेर येईल. रक्त प्यायलेली असेल तर ती टरारून निळसर काळी झालेली असते. त्यांची बारीक पिले मात्र काही दिवस पक्ष्याच्या अंगावरच राहतात. पंख उचलून पाहिल्यास काखेत निळसर काळे ठिपके दिसतील.

उपाय पक्ष्यावर कमी आणि खुराड्यावर अधिक करायचा आहे. कोंबड्या दुसरीकडे हलवाव्यात, जुन्या कुजक्या फळ्या जाळून टाकाव्यात, राहिलेल्या फळ्यांच्या जोडांत उकळते पाणी ओतावे, भिंतीच्या भेगा चुना आणि सिमेंटने बुजवून वरून दाट चुन्याचा हात द्यावा. बसण्याची दांडी भिंतीला टेकवू नये, तारेने आढ्याला टांगावी किंवा तिचे पाय जुन्या तेलाच्या वाट्यांत उभे करावेत, म्हणजे गोचिडींना चढायला वाट राहत नाही. फवारणीचे औषध पशुवैद्यकाकडूनच घ्यावे. कपाशीवरचे कीटकनाशक पंपाने कोंबड्यांवर मारण्याचा प्रकार आम्ही पाहिला आहे, त्यात गोचिडींबरोबर कोंबड्याही मेल्या. अंड्यांतून नवी पिढी निघत असल्याने दोन-तीन आठवड्यांनी हाच सोपस्कार पुन्हा करावा. खुराडे काही महिने रिकामे ठेवले की गोचिडी उपाशी मरतील, अशी आशा धरू नये. ही जात वर्षाहून अधिक काळ न खाता तग धरते.

दोन कोंबड्या मरण्यापूर्वी त्यांना ताप, हिरवी हगवण आणि पायांतील शक्ती जाणे अशी लक्षणे होती का, हे आठवून पाहावे. या गोचिडी स्पायरोकीटोसिस नावाचा रोग पसरवतात. तो वेळीच ओळखल्यास पेनिसिलिनने बरा होतो, पण राणीखेत (मानमोडी) हा रोगही असाच दिसू शकतो, म्हणून आजारी पक्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. एखादा पक्षी नुकताच मेला असेल तर त्याचे शवविच्छेदन तेथे करून घेता येईल का, हे जरूर विचारावे.

प्रश्न : राणीखेतची लस द्यायची आहे, पण औषधाच्या दुकानात मिळणारी कुपी निदान शंभर पक्ष्यांची असते आणि आमच्याकडे अकराच पक्षी आहेत. उरलेली लस फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या महिन्यात वापरली तर चालेल का? (पाथरी, जि. परभणी)

उत्तर : चालणार नाही. कुपी फोडून द्रावण मिसळले की लस एक-दोन तासांतच संपवायची असते. ही जिवंत विषाणूंची लस आहे. उशीर झाला, ऊन लागले किंवा बर्फाची साथ सुटली की कुपीत नुसते पाणी उरते. यावर उपाय एकच, तो म्हणजे गल्लीतल्या दहा-बारा घरांनी एक सकाळ ठरवून एकाच कुपीतून सगळ्यांचे पक्षी टोचून घेणे. तसेही एकट्या घराने लस देऊन भागत नाही, कारण शेजारची कोंबडी तुमच्या उकिरड्यावर येणारच. पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था ही लस तयार करते. तालुक्याच्या दवाखान्यात आगाऊ मागणी नोंदवावी.

पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि आठ आठवडे पूर्ण झाल्यावर आर-टू-बी लसीचे कातडीखाली इंजेक्शन, असा क्रम आहे. आर-टू-बी लहान पिलांना देऊ नये. ती त्यांना सोसत नाही. चौथ्या आठवड्याची मात्रा पिण्याच्या पाण्यातून द्यायची असल्यास नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातील टीसीएल (क्लोरीनयुक्त) पावडरीने लस निष्प्रभ होते. मान वाकडी झालेल्या पक्ष्याला लस टोचून उपयोग नाही. आपल्याकडे मानमोडी म्हणतात तो हाच रोग, आणि एकदा लागण झाल्यावर त्याला औषध नाही.

प्रश्न : आमचे गाव नाथसागराच्या फुगवट्याजवळ आहे. पंधरा बदके दिवसभर धरणाच्या पाण्यावर सोडली तर खाद्याचा खर्च वाचेल. काही धोका आहे का? (पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : खर्च वाचेल हे खरे, तरीही आम्ही नको म्हणू. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथे चक्रवाक, थापट्या आणि इतर स्थलांतरित बदके मोठ्या संख्येने उतरतात. बर्ड फ्लूचा विषाणू अशा पाणपक्ष्यांमध्ये वावरतो आणि बदकाच्या बाबतीत अडचण अशी की ते बरेचदा स्वतः आजारी न दिसता विषाणू घरी आणते आणि मग परसातल्या कोंबड्या मरतात. मराठवाड्याला हा रोग नवा नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांची मरतूक झाली, भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब केले आणि गावाच्या परिसरातील पक्षी नष्ट करावे लागले. शासनाच्या कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतील सर्व पाळीव पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी राहते. म्हणजे पंधरा बदकांच्या खाद्याची बचत करताना आपण गावातल्या सगळ्यांच्या कोंबड्या पणाला लावत असता.

उन्हाळ्यातला धोका वेगळा. पाणी उतरून काठाला कोमट, कुजलेला गाळ उघडा पडला की त्यात बोट्युलिझमचे जंतू विष तयार करतात. ते खाल्लेल्या बदकाची मान लुळी पडते, त्याला डोके उचलता येत नाही. असे बदक दिसल्यास उरलेली बदके त्या पाण्यावरून तत्काळ काढावीत आणि मेलेले पक्षी पाण्यात न टाकता खोल पुरावेत. परसात अचानक चार-पाच पक्षी मेले, किंवा गावात कावळे मरून पडलेले दिसले, तर ते हाताने उचलण्याआधी पशुसंवर्धन विभागाला कळवावे. नीट शिजवलेले मांस आणि अंडी यांपासून या रोगाचा धोका नसतो, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण मुरुंब्याच्या बातमीनंतर पत्रे आली होती ती मुख्यतः याच भीतीने.

प्रश्न : खुराड्याला पत्रा आहे. मागच्या मे महिन्यात दुपारी तीन कोंबड्या धापा टाकत मेल्या. यंदा काय करावे? (परंडा, जि. धाराशिव)

उत्तर : कोंबडीला घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे, एवढ्यावरच ती अंग थंड ठेवते. तिच्या शरीराचे तापमानच एक्केचाळीस अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की धापांनी भागत नाही. तापलेल्या पत्र्याखाली तर बाहेरच्या सावलीपेक्षाही अधिक उकडते. म्हणून दुपारी तिला खुराड्यात कोंडू नये, झाडाखाली सोडावे. पत्र्यावर वितभर जाडीचा कडबा, तुराट्या किंवा उसाचे पाचट टाकून दोरीने बांधावे. बाजूंना गोणपाट लावून दुपारी ते ओले करावे, पण वारा खेळता ठेवावा, नाहीतर आत दमट होऊन त्रास वाढतो. पाणी माठात ठेवावे. खाद्य पहाटे आणि दिवस मावळताना द्यावे. दुपारी दिलेले अन्न पचताना अंगात उष्णता वाढते. पक्षी कोसळलाच तर त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, सावलीत नेऊन पाय आणि तुरा साध्या पाण्याने भिजवावेत.

उन्हाळ्यात अंडी उबवायला ठेवण्याची घाई करू नये. खोली तापलेली असल्यामुळे ठेवणीतल्या अंड्यांत गर्भ आपोआप वाढू लागतो आणि मध्येच मरतो. ठेवायचीच असतील तर ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात, निमुळते टोक खाली करून, चार-पाच दिवसांहून अधिक न ठेवता वापरावीत.

प्रश्न : आखूड पायांच्या जपानी बँटमची जोडी आहे. दर खेपेला काही अंडी फुटतच नाहीत. नर अशक्त असेल का? (उदगीर, जि. लातूर)

उत्तर : नराचा दोष नाही. या जातीत पाय आखूड करणारा जनुक असा आहे, की तो आई आणि बाप दोघांकडून आला तर गर्भ कवचातच मरतो. आखूड पायांचा नर आणि आखूड पायांचीच मादी ठेवली की सरासरीने चौथा हिस्सा अंडी अशी जातात. जोडीतला एक पक्षी त्याच जातीचा, पण लांब पायांचा ठेवल्यास ही हानी थांबते. पिलांत मग निम्मी आखूड आणि निम्मी लांब पायांची निघतात. विक्रेते लांब पायांची पिले दुय्यम म्हणून स्वस्तात देतात, ती आपण मुद्दाम घ्यावीत.

प्रश्न : बदकांचा एक नर आणि दोन माद्या कोंबड्यांबरोबर एकाच खुराड्यात आहेत. नर कोंबड्यांच्या मागे लागतो. (देगलूर, जि. नांदेड)

उत्तर : नराला आजच वेगळे करावे. एका नराला पाच-सहा बदकी लागतात. दोनच असल्या तर तो त्यांची पाठ सोलून काढतो आणि नंतर कोंबड्यांकडे वळतो. बदकाच्या नराची शरीररचना कोंबड्यापेक्षा वेगळी असल्यामुळे त्याच्या झोंबण्याने कोंबडीला आतून इजा होते, कधी ती दगावतेही. तसेही रात्री दोन्ही पक्षी एकत्र ठेवू नयेत. बदके भुसा ओला करतात, ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात आणि त्याचा भुर्दंड कोंबडीच्या पिलांना पडतो.

प्रश्न : शहरात राहतो. गच्चीवर तीन बँटम कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोंबडा पहाटे चारपासून आरवतो, शेजारी संतापले आहेत. कोंबडा काढला तर अंडी बंद होतील, असे घरचे म्हणतात. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अंडी बंद होणार नाहीत. कोंबडी नराशिवायही अंडी देते, फक्त त्यांतून पिले निघत नाहीत. कोंबडा गावाकडे कोणाला तरी द्यावा. तोवर त्याला रात्री कमी उंचीच्या, अंधाऱ्या पण हवेशीर खोक्यात ठेवावे. मान ताणता आली नाही की तो कमी आरवतो, आणि उजेड दिसेपर्यंत बहुधा गप्प राहतो. गच्चीवर पक्षी ठेवण्याबाबत महानगरपालिकेचे आणि आपल्या सोसायटीचे नियम काय आहेत, हेही एकदा विचारून घ्यावे, कारण शेजाऱ्यांची पुढची तक्रार वासाची असेल आणि ती कोंबडा दिल्याने मिटणार नाही. त्यासाठी भुसा आठवड्याला बदलावा लागेल.